पितळ तांबडं झालं ते नवरात्र

पितृपंधरवडा अर्ध्यावर आला की माझे हात शिवशिवायला लागतात. पाऊस सरत आलेला असतो, पण गेलेला नसतो. दुपारी ऊन असं चटकतं की दोरीवरच्या चादरी तासाभरात कडक होतात, आणि संध्याकाळी उगाच एक सर येऊन सगळं पुन्हा दमट करून जाते. कपाटाच्या मागच्या फळीवर पांढरी बुरशी धरलेली असते आणि माळ्यावरच्या पितळेवर हिरवट डाग. ते डाग दिसले की मला घरात बसवत नाही. मी पाट घेते, मागच्या ओट्यावर जाऊन बसते आणि चिंच भिजत घालते.

माझी सून हसते. परवा तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "आई, हे बघा, टोमॅटो सॉसनं घासतात. दहा मिनिटांत चकाचक!"

"अगं बाई, सॉस भांड्यांना लावला तर पाहुण्यांना समोशाबरोबर काय देऊ, चिंचेचा कोळ?"

"देतातच की, आई."

खरं सांगायचं तर सॉसनं पितळ निघतं. मी लावून बघितलाय, सून घरात नसताना. टूथपेस्टनं चांदी निघते, रांगोळीनं स्टील निघतं, शिळ्या कोऱ्या चहानं लाकडी कपाट पुसलं तर वर्षाचा चिकटा निघतो आणि वर खोबरेल तेलात चार थेंब लिंबू घालून फडकं फिरवलं की लाकूड हसायला लागतं. माझं सॉसशी भांडण नाहीच. भांडण आहे ते त्या दहा मिनिटांशी. त्यांनी एकदा माझ्या संसाराचं पार वाटोळं करायला घेतलं होतं.

तेव्हा आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. साल विचाराल तर बोटं मोजावी लागतील, पण सरावलीच्या आमच्या चाळीत पहिला रंगीत टीव्ही त्याच वर्षी आला आणि रविवारी त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची, एवढं पक्कं आठवतं. आमची एक खोली होती, पत्र्याची, पुढे चार फरशांचा ओटा. वारा कारखान्यांकडून आला की खिडकी लावून घ्यायची. त्या वाऱ्यानं डोळे चुरचुरायचे आणि पितळ दोन दिवसांत काळवंडायचं. दातिवऱ्याला माझ्या माहेरी खाऱ्या वाऱ्यानं भांडी हिरवी पडायची, इथे काळी. मी म्हणायचे, माझ्या नशिबाला रंग बदलून मिळाला.

मी दातिवऱ्याची. बाबांची होडी, आईची मासळी, अंगणात बोंबील वाळवायच्या वलांड्या. आमचे हे पाम गावचे, भातशेती आणि भाजीवाडीच्या घरातले. पालघरला मी शिवणक्लासला जात होते आणि हे आयटीआयला. पुढचं काही मी सांगणार नाही, तुम्ही शहाणे आहात. दोन्ही घरांनी आधी आकांडतांडव केलं आणि मग गप्प बसली. माझ्या आईचं गप्प बसणं महिन्याभरात संपलं. सासूबाईंचं संपता संपेना.

त्या कधी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला ओरडण्याची सवय होती, आमच्याकडे बंदरावर कुजबूजसुद्धा मैलभर ऐकू जाते. पामला गेलं की पडवीत बसायला पाट मिळायचा, चहा मिळायचा, शेवग्याच्या शेंगा बांधून मिळायच्या. फक्त देवघराच्या दाराशी गेले की त्यांचा हात आडवा यायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, "तुमी मासळीतली माणसं. आमच्या देवाला नाय चालत. राग नको मानू."

राग नको मानू! मी मानला. भरपूर मानला. कारण त्याच घरात बुधवार-रविवारी माझ्याच गावची सुकट चुलीवर खरपूस भाजली जायची. देवाला चालत नव्हतं, पण देवाच्या माणसांना चांगलं चालत होतं. मी ह्यांना हे बोलून दाखवायचे आणि हे बिचारे मान खाली घालून ती सुकट खात राहायचे. पण रागाच्या खाली खरं काय होतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला त्या देवघरात जायचं होतं. देवासाठी नव्हे, उगाच खोटं कशाला बोलू? त्या घरातली सगळी माणसं तिथे आत असायची आणि मी एकटी बाहेर, म्हणून.

त्या वर्षी जाऊबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या. दरवर्षी घटस्थापनेआधी देवांची भांडी त्या घासायच्या. सासूबाई बांधावर पडलेल्या, त्यांचं उजवं मनगट दुखावलेलं. एका दुपारी हे पामहून आले ते सायकलच्या मागे गोणी बांधून. गोणीत दोन समया, कलश, तबक, निरांजनं, घंटा आणि तांब्याचं ताम्हण.

"आईनं दिलंय. म्हणाली, तिला घासायला सांग. घटस्थापनेच्या सकाळी घेऊन या."

देव दिले नव्हते, देवांची भांडी दिली होती. पण मला तेवढं पुष्कळ होतं. मी गोणी उघडली आणि रडले. ह्यांना वाटलं कामाचा डोंगर बघून रडतेय, म्हणाले, "अगं, मी मदत करतो ना." पुरुषांना एवढंच कळतं.

काम डोंगराएवढंच होतं म्हणा. समयांवर वरती मोर, खाली दांड्याला कडी, प्रत्येक खाचेत तेलाचा काळा राप. पहिल्या दिवशी अख्खी दुपार चिंच आणि मीठ चोळून माझी दोन निरांजनं झाली. अंगठ्याची साल निघाली. निरांजनं झाली छानच, पण मला छान नको होतं. मला असं काहीतरी हवं होतं की पामला गोणी उघडली तर सगळ्यांचे डोळे दिपले पाहिजेत, आणि जाऊबाईंनी कधी घासलीच नव्हती की काय असं वाटलं पाहिजे. कसली हाव ती! आज आठवलं तरी स्वतःचा राग येतो.

ह्यांच्या कारखान्यात लोखंडी नळ्या तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, बुडवून साफ करायचे. वापरून उरलेलं ते पाणी अर्धी सरावली घरी आणायची, मोरीच्या फरश्या धुवायला. 'कंपनीचं पाणी' म्हणायचे त्याला. आमच्याही मोरीत एक कॅन होता. हे म्हणाले, "गंजलेली नळी आत घातली की दहा मिनिटांत पांढरीशुभ्र बाहेर येते. पितळेचं काय घेऊन बसलीस?"

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "टब आणा."

ओट्यावर प्लास्टिकचा टब ठेवला, ह्यांनी साधं पाणी ओतलं, त्यात जपून ते कंपनीचं पाणी ओतलं, नाकाला पदर लावून मी एकेक भांडं आत सोडलं. बुडबुडे आले. काळा राप सुटायला लागला तशी मी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या. मग काठीनं एक समई बाहेर काढून पाण्याखाली धरली.

समई तांबडी झाली होती.

पितळेचा पिवळा रंग कुठे म्हणून शिल्लक नव्हता. मोर तांबडा, दांडा तांबडा, कलश तांबडा, घंटासुद्धा. गुलाबी म्हणा, कच्च्या विटेचा म्हणा, असा एक मेलेला रंग. ताम्हण तेवढं मुळातच तांब्याचं, ते मात्र लखलखत होतं, माझा जीव जाळायला. शेजारची भाभी, उत्तर प्रदेशातली, पाणी भरायला आलेली ती घागर खाली ठेवून बघतच राहिली. "अरे दीदी, ये तो पूरा तांबा हो गया!"

मी ह्यांच्यावर जे तोंड सोडलं! हे ओले हात घेऊन उभे. "पण लोखंड तर साफ होतं…"

"लोखंडाचे देव आहेत का तुमचे?"

ह्यांची दुसरी पाळी होती, हे निघून गेले. मी चिंच लावली. तांबडा रंग आणखी चमकला. लिंबू लावलं, आणखी चमकला. आमसुलं चोळली, भाभीनं टूथपेस्ट दिली तीही लावली. जितकं घासावं तितकं ते तांबडं जास्तच नितळ व्हायचं. नको नको ते विचार आले. वाटलं, गोणी चोरीला गेली म्हणावं. वाटलं, पालघरच्या बाजारातून नवी जोडी आणावी. पण त्यातल्या एका मोराची चोच मोडलेली होती, आणि ती मोडकी चोच सासूबाईंना माझ्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची होती. शेवटी भिंतीला टेकून बसले. सगळ्यात वाईट हे वाटत होतं की आता त्यांचंच खरं ठरणार. माझ्या हातांना देवाची भांडी चालत नाहीत, हे मी स्वतःच्या हातांनी सिद्ध करून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई दारात. काम कुठवर आलं ते बघायला आल्या होत्या, मनगटाला हळदीचं फडकं बांधलेलं. भांडी ओट्यावरच मांडलेली. लपवायला मला अर्धं मिनिटसुद्धा मिळालं नाही.

त्या खाली बसल्या. डाव्या हातानं समई उचलली, उजेडात फिरवली, मोडक्या चोचीवर अंगठा ठेवला.

"काय लावलंस?"

हे मागून म्हणाले, "आई, बाजारातली चिंच खराब होती…"

"मी तुला नाय विचारलं."

मी सगळं सांगितलं. कंपनीचं पाणी, टब, माझी हाव, जाऊबाईंचं नाव घेऊनसुद्धा. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. सासूबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सगळी नको म्हणत होती. तुजी आतेसासू तर म्हणाली, मच्छीवालीच्या हातात देतेस? मी म्हटलं, देते. करील ती. आणि तू हे केलंस!"

मला वाटलं आता गोणी भरतील आणि जातील. पण त्यांनी पदर खोचला. "जळलं ते वरवरचं हाय. आत पितळ हाय तसंच हाय. चिंचेनं नाय जायचं हे, खरवडून काढायला हवं. तुसाची राख मिळेल इथे? आणि एक जुनी वीट आण."

आता मला कळतं, ते तांबं म्हणजे वर बसलेला पातळ पापुद्रा होता. आंबट लावून तो नुसता उजळत होता, निघत नव्हता. तेव्हा मला एवढंच कळलं की त्या जात नाहीयेत. राख भडभुंज्याच्या भट्टीवरून मिळाली, भाताच्या तुसाची, करडी आणि अंगठ्याखाली करकरणारी. वीट समोरच्या अर्धवट बांधकामावरून ह्यांनी उचलली. मी ती कुटली, सासूबाईंनी जुन्या धोतरातून गाळली, पार पिठासारखी. काथ्याची चुंबळ ओली करायची, राखेत आणि विटकरीत बुडवायची आणि घासायचं. एकाच दिशेनं, दाबून.

दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून घासलं. पहिला तासभर नुसता खर्र खर्र आवाज. मग कलशाच्या पोटावर रुपयाएवढा पिवळा ठिपका उजळला आणि मी एवढ्यानं ओरडले की भाभी धावत आली. सासूबाई म्हणाल्या, "ओरडू नको, घास." पण त्यांच्या खांद्यांचा ताण उतरलेला मला दिसला.

"तुमच्याकडे कशानं घासतात?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूनं."

"ओरखडे नाय पडत?"

"पडतात. आई म्हणते, भांडं वापरतात हे दिसायला नको का?"

त्यांनी चुंबळ पुन्हा राखेत बुडवली. मग मी लाकडाचं सांगितलं. पावसाळ्याआधी बाबा होडी ओढून वर घ्यायचे, तिला मुशी माशाचं तेल पाजायचे, पाच-सहा हात द्यायचे, लाकूड काळंभोर व्हायचं आणि पाणी त्याच्यावर ठरायचं नाही. तेलाचा वास आमच्या केसांना महिनाभर. सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या देव्हाऱ्याच्या सागाला किती छान चढेल ते तेल!"

सासूबाईंचा हात थांबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. दीड वर्षात पहिल्यांदा. "देवाला पळवून लावतंस काय गो? आमचा देव्हारा खोबरेल पितो. त्याला मुशीचं तेल दाखवू नको हां."

त्या दिवशी दुपारी त्या माझ्याकडे जेवल्या. वरण, भात, पडवळाची भाजी. पंधरवडा चालू होता म्हणून साधंच. दुखऱ्या हातानं घास उचलताना त्यांना कळ यायची, ती त्या लपवायच्या आणि जेवण झालं की पुन्हा काथ्या उचलायच्या. मी म्हटलं, "आई, मी करते, तुम्ही बसा." "बसून काय करू?" असं म्हणून त्यांनी काथ्या डाव्या हातात घेतला.

आता सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. पाममधलं ते घर पाडून वर स्लॅब आला, जाऊबाईंच्या मुलानं संगमरवरी देव्हारा घेतला. सरावलीची चाळही उरली नाही, तिथे आता सात मजले उभे आहेत. मी दरवर्षी राख कुठून मिळवते ते माझं मला माहीत. सून म्हणते, आई, तुम्ही हट्टी आहात. आहे. ज्या दोन दिवसांत मला माझी सासू मिळाली ते मी दहा मिनिटांत कशी उरकू? हे तिला अजून सांगितलेलं नाही. कधीतरी सांगेन, ओट्यावर माझ्याबरोबर बसली तर.

घटस्थापनेच्या सकाळी आम्ही गोणी घेऊन पामला गेलो. भात पोटऱ्यात आलेलं, बांधावर दव, आणि घरात पाहुण्यांची ही गर्दी. भांडी पिवळी झाली होती. दिपवणारी नव्हे, साधी, मऊ पिवळी. पण मोराच्या पंखाखाली आणि दांड्याच्या कड्यांमध्ये, जिथे काथ्या पोचला नव्हता आणि कडुलिंबाची काडीही पोचली नव्हती, तिथे तांबड्या रेघा राहून गेल्या होत्या. मला त्या एकेक पाठ होत्या. कोणाला दिसणार नाहीत अशी आशा धरून मी नेहमीसारखी देवघराच्या दाराबाहेर उभी राहिले.

आतेसासूंना दिसल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. त्यांनी समई खिडकीशी नेली, बोटानं रेघ खरवडली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "हे लाल काय हाय? कोणी काय केलं समयीला?"

सगळी माणसं माझ्याकडे वळली. हे काहीतरी बोलायला पुढे झाले. मीही तोंड उघडलं, कारण केलं मीच होतं आणि ते माझ्या दिराच्या, जावेच्या, कोणाच्या तरी नावावर जायच्या आत मलाच सांगायचं होतं.

सासूबाई पत्रावळीवर माती पसरत होत्या, त्यात धान्य पेरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी केलं. माजा हात चालत नाय म्हणून मीच सांगितलं तिला, कंपनीचं पाणी लाव. ती नको नको म्हणत होती. मीच ऐकलं नाय."

घट समोर होता, देव समोर होते, आणि ती बाई इतकं सरळ खोटं बोलली. आतेसासू काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि समई परत जागेवर ठेवली.

मी तिथेच उभी. डोळ्यांना धार लागलेली, पुसायचंसुद्धा सुचेना.

"बघतेस काय नुसती?" सासूबाई माझ्यावर खेकसल्या. "आत ये. समयीत तेल घाल."

मी आत गेले. डोळ्यांतल्या पाण्यानं धड दिसेना, अर्धं तेल समईच्या पायावर ओघळलं. सासूबाईंनी ते आपल्या पदरानं पुसून घेतलं आणि वाती माझ्या हातात दिल्या.